मांडीचा स्नायू दंडात बसवला, पाच महिने झाले, हात हलत नाही

ताई, भावाच्या ऑपरेशनला पाच महिने झाले, हात अजून तसाच लोंबतोय, मग ऑपरेशन फेल गेलं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. गगनबावडा रोडला माझी मोटारसायकल घसरली, खांदा आपटला आणि मानेतून डाव्या हातात येणाऱ्या नसा मुळातून तुटल्या. योग्य ठिकाणी पोचायला दीड वर्ष गेलं, तोवर दंडाचा मूळ स्नायू कामातून गेला होता. म्हणून मांडीच्या आतला ग्रासिलिस स्नायू काढून दंडात बसवला. त्याला आता सहा वर्षं झाली. पाच महिन्यांत हात हलला नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

स्नायूच्या रक्तवाहिन्या जोडल्या की रक्त लगेच सुरू होतं. नसेचं तसं नाही. जोडापासून पुढं तिचे तंतू नव्यानं वाढतात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. तोवर स्नायू जिवंत असतो, पण त्याला हुकूम पोचत नाही. कुणाला चौथ्या महिन्यात हालचाल दिसते, कुणाला आठव्या.

आधी डिस्चार्ज कार्ड काढा आणि स्नायूला कुठली नस जोडलीय ते बघा. कळलं नाही तर सर्जनना विचारा, कारण व्यायाम त्यावर ठरतो. मला बरगड्यांमधल्या नसा जोडल्या होत्या. त्या श्वासाच्या. त्यामुळं छाती भरून श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी कोपर वाकवायचा प्रयत्न करायचा. खांदा उचलणारी नस वापरली असेल तर श्वासाऐवजी खांदा वर उडवायचा. हे नीट न समजता पहिले दोन महिने मी नुसता दंडाकडं डोळे वटारून बसायचो.

पहिली हालचाल दिसली ती घरी, जेवताना. सहावा महिना सरत आला होता. रविवारी तांबडा रस्सा ओरपताना ठसका लागला आणि बाहीखाली उंदीर पळाल्यागत काहीतरी सळसळलं. आईला म्हटलं, हात ठेव इथं. मुद्दाम खोकलो. परत सळसळलं. आईनं ताट तसंच ठेवलं आणि मला दहा वेळा खोकायला लावलं.

पण त्यानंतर लगेच हात उचलत नाही. फिजिओनी आमचा जुना कॅरम बोर्ड कामाला लावला. उंच टेबलावर बोर्ड, वर पावडर, हाताखाली रुमाल, आणि हात आडवा सरकवायचा, म्हणजे त्याचं वजन पेलावं लागत नाही. पहिल्या दिवशी दोन बोटं सरकला. तोंडापर्यंत यायला पुढं वर्ष लागलं. आता श्वासाची आठवणही ठेवावी लागत नाही, शिंक आली की मात्र हात अजून उडी मारतो!

आपल्याकडं काही झालं की पहिलं तालमीत नेऊन तेल लावून रगडून घेतात. तुम्हालाही कुणी सांगितलंच असेल. अजिबात नको. स्नायूचं टोक आत कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, शिवलेलं असतं, कोपर हिसका देऊन सरळ केलं तर शिवण सुटू शकते. किती सरळ करायचं ते सर्जनच सांगतील. बोटं आणि मनगट मात्र दुसऱ्या हातानं रोज हलवत राहायचं, नाहीतर सांधे आखडतात आणि मग स्नायू जागा होऊनही उपयोग नाही. आणि हात बधिर असेल तर शेकोटीपासून, गरम भांड्यापासून लांब. माझ्या करंगळीवर टरारून फोड आला होता, तो मला दुसऱ्या दिवशी दिसला.

रात्री करंट मारल्यासारखं दुखत असेल तर सोसत बसू नका, नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात. आठ-नऊ महिन्यांनीही काहीच जाणवलं नाही तर मात्र सर्जनना गाठा, ते ईएमजी, म्हणजे स्नायूपर्यंत नसेचा हुकूम पोचतोय का ती तपासणी, करून बघतील.

माझी बोटं आजही चालत नाहीत. पण गंगावेशीतून दुधाची किटली डाव्या कोपराच्या वळणात अडकवून आणतो, उजवा हात फोनला मोकळा. कार्ड सापडलं की नसेचं नाव कळवा, पुढचं त्यावर सांगतो.