बचत केली हीच चूक झाली का?

कॉलेजांची आर्थिक मदतीची पत्रं हातात पडली की अमेरिकेतल्या आपल्या मराठी पालकांकडून हे हमखास ऐकू येतं : "पै-पै साठवली, म्हणून आमच्याच मुलांना मदत नाही. उधळणाऱ्यांची मात्र मजा!"

माझ्याकडे सल्ल्याला आलेलं हे जोडपंही (ओळखीचे तपशील बदललेत) तेच म्हणत आलं. फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज, भरल्यावर निघालेला 'स्टुडंट एड इंडेक्स' (मदत ठरवायचा आकडा; तो जितका मोठा, तितकी मदत कमी) अंदाजाच्या दुप्पट. कॉलेजच्या वर्षाच्या एकूण खर्चातून तो आकडा वजा जातो आणि उरलेली रक्कम तुमची गरज धरतात.

"यांना म्हणत होते, साठवू नका, फिरून येऊ," बाई म्हणाल्या.

घरात जे बोललं जात नाही, ते पैशाच्या भांडणातून बोलतं, हे माझं जुनं मत. तरी आधी हिशेबच मांडायला लावला. पालकांच्या बचतीपैकी जास्तीत जास्त ५.६४ टक्के आकड्यात येतात; राहतं घर आणि निवृत्तीची खाती फाफ्सात धरतच नाहीत. यांची शिल्लक ६०,००० डॉलर. म्हणजे फार तर ३,३८४. मुलीच्या नावावर असती तर मात्र २० टक्के.

"मग एवढा आकडा आला कुठून?"

"उत्पन्नातून," बाईंचे यजमान म्हणाले. जरा थांबून, "पण अर्ज २०२६-२७ चा, उत्पन्न २०२४ चं. माझी नोकरी नोव्हेंबरमध्ये गेली."

मुलीला हे सांगितलंच नव्हतं. कॉलेजला कळवणं म्हणजे त्यांच्या लेखी हात पसरणं. मी म्हटलं, सूत्राला तुमची आजची स्थिती दिसत नाही. ती पाहून आकडा बदलायचा अधिकार कायद्यानंच कॉलेजच्या मदत कार्यालयाला दिलाय.

पुढच्या वेळी मुलीला घेऊन या म्हटलं. वडिलांनी कसंबसं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं. म्हणून तर महागडी कॉलेजं मी यादीतून काढली."

तिघंही एकमेकांना सांभाळत होते आणि त्या सांभाळण्यात मुलीचे निर्णय परस्पर होऊन गेले होते. आकड्याची चर्चा तिथे थांबवली नसती, तर हे निघालंच नसतं.

कॉलेजांना पत्र तिघांनी मिळून लिहिलं. सोबत ले-ऑफचं पत्र, बेकारभत्त्याचे कागद आणि यंदाच्या उत्पन्नाचा अंदाज. एका कॉलेजनं मदत वाढवली, दुसऱ्यानं नाही. कॉलेजचा निर्णय अंतिम असतो, शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. त्यामुळे प्रत्येक कॉलेजला वेगळं लिहा. सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजं मागतात तो मदतीचा आणखी एक अर्ज) मागणारी कॉलेजं राहत्या घराचीही चौकशी करतात. तो अर्ज रात्री एकट्यानं बसून भरू नका, मुलाला शेजारी बसवा.