दिवाळीच्या आत त्या भिंतीला ब्रश लावू नका

'बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीचा रंग वर्षभरात फुगला, पोपडे पडताहेत, दिवाळीआधी परत काढायचाय, कोणता रंग टिकेल?' हा तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. सात वर्षांपूर्वी कांदिवलीत आमची अशीच पश्चिमेची भिंत होती आणि दिवाळीची अशीच घाई.

लांबी, घासपेपर, प्रायमर, दोन हात हे तुमच्या पेंटरला माहीत आहे, त्यात शिरत नाही. आमचं नुकसान झालं ते ओल्या भिंतीवर रंग चढवल्यामुळे. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीखच ८ ऑक्टोबर. नैऋत्येचा मारा चार महिने त्याच बाजूला बसतो, आणि दोन-चार आठवड्यांत दिवाळी. हात लावला तर भिंत कोरडी लागते, पण विटांत आणि गिलाव्यात पाणी असतंच. वर इमल्शनचा, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाचा, पापुद्रा बसला की ते पाणी त्याला आतून ढकलतं, सोबत भिंतीतला क्षार, म्हणजे पांढरा खारही आणतं. आम्ही आतून वॉटरप्रूफ कोट, पुट्टी, भारीतलं इमल्शन असं सगळं केलं. १८ हजार गेले. जानेवारीत फुगे आले, मार्चमध्ये पुट्टीच्या खपल्या पलंगावर पडायला लागल्या.

याला जोड सोसायटीच्या ऑफिसची. बाहेरच्या भिंतीला उभी भेग आहे, हे खालून दिसत होतं. पण आधी म्हणाले, तुमचं बाथरूम तपासा. मग म्हणाले, जनरल बॉडीत बघू. मग सल्ला दिला की आतून चांगला रंग मारा, ओल थांबेल. हे ऐकून आम्ही रंगवलं, याचा राग अजून जात नाही. त्यानंतर अकरा महिने एकाही अर्जाला लेखी उत्तर मिळालं नाही, कारण पहिले सगळे अर्ज मी पोच न घेता दिले होते. तुम्ही असं करू नका. भेगेचे फोटो जोडून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, बाहेरच्या भिंतीतून आणि गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. मी वकील नाही, सिव्हिल इंजिनिअरही नाही, आणि तुमची इमारत पागडीची असेल तर हिशोब वेगळा.

शेवटी मे महिन्यात झुला (गच्चीवरून दोराने सोडलेली फळी) लावून बाहेरची भेग भरली गेली. आम्ही आतली भिंत गिलाव्यापर्यंत खरवडून पुढचा पूर्ण पावसाळा उघडी ठेवली आणि फेब्रुवारीत रंगवली. त्यावर पाच पावसाळे झाले, भिंत जशीच्या तशी आहे.

ओल ओळखायला दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप मारून दोन दिवस चिकटवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवेतली, मग खिडकी-पंखा बघा. पांढरा खार कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत आत जिरतो.

इमारत जुनी असेल आणि घरात लहान मूल असेल, तर जुना रंग घासताना मात्र भिंत ओलसर करून घासा आणि मुलाला दोन दिवस बाहेर ठेवा. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरांची, त्यातही खिडकी-दारांच्या ऑइलपेंटची, धूळ मुलांच्या पोटात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीला पाहुणे येणारच असतील तर बाकीच्या तीन भिंती खुशाल रंगवा. ही खरवडून तशीच ठेवा आणि कपाट निदान वीतभर पुढे ओढा, मागे हवा खेळली पाहिजे. शेडचा नंबर डब्यावरून वहीत उतरवून ठेवा, फेब्रुवारीत चौथ्या भिंतीला लागेल.

आणि एक सांगा, वरच्या मजल्याचं बाथरूम त्या कोपऱ्यावर येतं का? येत असेल तर आधी त्यांच्याकडे जाऊन नहाणीच्या जाळीभोवतीचे सांधे बघून या, कारण मग पाणी तिथूनही येत असेल.