अणुवीज आणि रस्ता: नक्की कशाला घाबरायचं?

तुमचा प्रश्न असा की, रस्त्यावर रोज माणसं मरतात ते आपण चालवून घेतो, मग अणुवीज केंद्राचं नाव काढताच पोटात गोळा का येतो?

मी बरीच वर्षं एक्स-रे विभागात काम करतोय. मध्यंतरी एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, मनगट सुजलेलं. "रेडिएशनने काही होणार नाही ना?" असं तीनदा विचारलं त्यांनी. जमीन, हवेतला रेडॉन हा किरणोत्सारी वायू, अवकाशातले किरण यांतून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या रेडिएशनचं माप) मिळतच असतात. मनगटाच्या एक्स-रेची मात्रा म्हणजे त्यातले जेमतेम काही तास. हे सांगितल्यावर ते तयार झाले. निघताना पाहिलं, तर तोच मुलगा हात झोळीत घालून स्कूटरवर पुढे उभा, हेल्मेट दोघांनाही नाही.

बापाला काळजी नव्हती असं अजिबात नाही. स्कूटरचं हँडल त्याच्या हातात होतं, किरण मात्र माझ्या यंत्रातून येणार होते आणि दिसणारही नव्हते. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये हेच मांडलं: अनोळखी, न दिसणारा, एका फटक्यात अनेकांना नेईल असा धोका आकड्यांपेक्षा मोठा भासतो.

आकडे बघा. रस्ते अपघातांत जगभरात वर्षाला सुमारे १२ लाख माणसं जातात. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने ४० लाखांहून जास्त, त्यात कोळशाचा धूरही आला. युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात १९८६ साली स्फोटाने दोघे आणि पुढच्या काही महिन्यांत तीव्र रेडिएशनने २८ जण गेले. सर्वाधिक मात्रा मिळालेल्यांत कालांतराने ४,००० पर्यंत मृत्यू होऊ शकतात, असा अंदाज २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह अनेक संस्थांनी दिला. हा आकडा झटकण्यासारखा नाही. लहान मुलांना झालेला थायरॉइडचा कर्करोग तर मला आजही अस्वस्थ करतो, कारण किरणोत्सारी आयोडीनने दूषित झालेलं दूध वेळीच बंद केलं असतं तर त्यातला बराचसा टळला असता.

जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातात २०११ साली तीव्र रेडिएशनने कुणीही दगावलं नाही. पण घाईघाईने केलेलं स्थलांतर आणि नंतरची परवड यांत त्या प्रांतात दोन हजारांहून जास्त लोक गेले, बहुतेक वयस्कर. रुग्णालयांतून हलवलेले काही रुग्ण तर वाटेतच गेले.

म्हणून जवळपास प्रकल्प येणार असेल, तर मी आधी विचारेन: अंथरुणाला खिळलेल्यांना कोण, कशातून आणि कुठे नेणार? थायरॉइडला वाचवणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवल्यात? दूध-पाणी तपासून त्याचे आकडे लोकांना त्याच दिवशी कोण सांगणार?