स्टीलची घडणावळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हातात सीकोचं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ आणि मन रॉयल ओक या महागड्या स्विस घड्याळावर, असं तुझं झालंय. दोन्ही स्टीलची, दोन्ही हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली भरणारी. मग एक हजारांत आणि दुसरं लाखांत का, असं विचारलंस.

जळगावच्या सराफ बाजारात वाढलास, म्हणून तिथल्याच शब्दात सांगतो. पैसे धातूचे नाहीत, घडणावळीचे आहेत. जेराल्ड जेंटाने रेखाटलेलं रॉयल ओक ऑडेमार पिगे या स्विस कंपनीने 1972 साली आणलं, तेव्हा स्टीलचं असून त्याची किंमत 3,300 स्विस फ्रँक होती. तेव्हाची कितीतरी सोन्याची घड्याळं त्याहून स्वस्त मिळायची.

माझ्या भुसावळच्या दुकानात एकदा एका गिऱ्हाइकाने पट्ट्याच्या कड्या कमी करायला ते आणलं होतं. मी भिंग लावलं. डायलभोवतीच्या अष्टकोनी कड्यावर ब्रशच्या बारीक रेघा, त्या एका जागी थांबतात आणि तिथून आरशासारखी तिरपी कड सुरू होते. दोघांमधली सीमा दोऱ्याने आखल्यासारखी. पट्ट्याची प्रत्येक कडी आधीच्या कडीपेक्षा किंचित अरुंद. काम संपलं तरी भिंग खाली ठेववेना. ही कारागिरी खरी आहे. तिला दिखावा म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस.

पण तू शनिवार-रविवार रावेरला केळीच्या बागेत असतोस, उन्हाळ्यात विहिरीत उड्या मारतोस. रॉयल ओकचा घाट पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून घेतलेला, पाण्याची हमी मात्र 50 मीटरची. तुझ्या सीकोची 200. आयएसओ 6425 या मानकात डायव्हर घड्याळ अंधारातही वाचता यावं लागतं. बाहेरची रिंग एकाच दिशेने फिरते, तीही विचार करून: धक्का लागून सरकली तर पाण्यात घालवलेला वेळ जास्तच दिसतो, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येतो, जीव वाचतो.

तुझ्या घड्याळातलं 4आर36 यंत्र दिवसाला 45 सेकंद पुढे किंवा 35 मागे गेलं तरी कंपनीच्या हिशेबात बसतं. शुक्रवारी रात्री नऊला काढून ठेवलंस तर 41 तासांनी, रविवारी दुपारी थांबेल. आताचं साधं रॉयल ओक 70 तास चालतं. सुट्टीत घड्याळ काढून ठेवणाऱ्या ऑफिसातल्या माणसाला ही सोय मोठी, तुला नाही.

आणि ती तिरपी कड पाइपाला घासली की पुन्हा तशी आणायला त्याच तोडीचा हात लागतो. पॉलिश म्हणजे दर वेळी थोडा धातू कमी करणं.

म्हणून आत्ता कर्ज काढू नकोस. सीकोच वापर, पण नीट वापर. पाणी अडवतं ते रबरी वॉशर, किंमत नव्हे. एकदा घाईत मी एका गिऱ्हाइकाचं जुनंच वॉशर परत बसवलं. तो विहिरीत उतरला आणि डायलवर तपकिरी डाग पडला. त्याला डायल बदलून दिली. डागाळलेली अजून माझ्या खणात आहे.

तुझं वॉशर दोन-तीन वर्षांत बदललेलं नाही. रविवारी घड्याळ घेऊन ये, पाण्याच्या दाबावर तपासू. तोवर विहिरीवर जाताना चावी पूर्ण आवळलेली आहे ना ते बघ, आणि ओल्या हाताने ती उघडू नकोस.

तुझा,
भुसावळचा काका