पावणेतीनला ऑनलाइन

मे महिन्यात दुपारी बारानंतर जळगावात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा उन्हात दीड वाजता भुसावळहून मायलेकी आल्या. मुलीच्या आधी आईच बोलली, "ताई, पोरगी जेवत नाही. काबरं तं म्हणे, त्यानं मेसेज पाह्यला अन् उत्तर नाही दिलं. रातभर फोनच पाहू राह्यली."

मेसेज पाहूनही उत्तर आलं नाही तर काय समजायचं? मी समुपदेशक. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे नवराबायको येतात, मैत्रिणी येतात, पुण्याला मुलं असलेले आईबाप येतात. त्यातली ही एक हकिगत, दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगी नर्स. साखरपुडा फेब्रुवारीत झालेला, लग्न दिवाळीनंतर. मुलगा रावेर तालुक्यातला, घरची केळी. शेतकऱ्याच्या मुलाला नोकरीवाली मुलगी मिळणं आमच्याकडे आता किती अवघड झालंय, हे गावात कोणालाही विचारा. त्यामुळे जमलेलं स्थळ दोन्ही घरं जीव मुठीत धरून जपत होती.

तिने फोन माझ्यापुढे धरला. रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी तिचा मेसेज, "जेवले का?" चार मिनिटांत व्हॉट्सॲपच्या टिका निळ्या, म्हणजे त्याने वाचला. उत्तर सकाळी सातला, "हो." मधे पावणेतीनला तो ऑनलाइन. हे तिला कसं कळलं? गजर लावून उठली होती. "आणि मॅडम, 'टायपिंग' येतं, जातं. परत येतं, परत जातं. मग काहीच नाही. काही लपवायचं असल्याशिवाय माणूस असं करतो का?"

इथे मी एक चूक केली. घाईत तिला म्हटलं, निळ्या टिका बंदच करून टाक. प्रायव्हसीत जाऊन ती सोय बंद केली की आपण वाचलेलं समोरच्याला कळत नाही आणि त्याने वाचलेलं आपल्याला. आठवड्याने ती आली ती आणखी ओढलेल्या चेहऱ्याने. टिका गेल्या, तर तिने 'ऑनलाइन' पाहायला सुरुवात केली होती. दवाखान्यातल्या ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तर दर दोन तासांनी बाथरूमचं निमित्त काढून ती लॉकर उघडत होती. तिचं दुखणं त्या टिकांत नव्हतंच, मी मात्र टिकांवरच औषध दिलं होतं.

मग दुसरा रस्ता धरला. म्हटलं, तुझाच फोन उघड आणि तू वाचून उत्तर न दिलेले मेसेज मला वाचून दाखव. आधी म्हणाली, असं काही नसेलच. निघाले अकरा. मावसबहिणीने साडीचा फोटो पाठवून "कशी आहे?" विचारलेलं, चार दिवस झाले. शाळेतल्या मैत्रिणीचं "आहेस का?", तीन आठवडे. होणाऱ्या नणंदेचा लांबलचक व्हॉइस मेसेज. प्रत्येकाला का उत्तर दिलं नाही, ते मी वहीत लिहीत गेले. साडी आवडली नव्हती, खोटं काय लिहायचं. मैत्रीण पैसे मागेल असं वाटलं. नणंदेला नीट, सवडीने उत्तर द्यायचं होतं, म्हणून राहून गेलं. एका ठिकाणी ती थांबली. "हे तर वाचलंच नव्हतं. भाच्याने फोन खेळायला घेतला होता, त्याने उघडलं असेल."

अकरा कारणं. त्यात "हा माणूस मला नकोसा झाला" असं एकही नव्हतं. वही तिच्याकडे सरकवली आणि विचारलं, यातली किती कारणं तू त्याला लावून पाहिलीस? ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग म्हणाली, "नणंदेला आत्ताच उत्तर देऊ का?"

मानसशास्त्रात हे जुनं निरीक्षण आहे. स्वतःला उशीर झाला की आपल्याला परिस्थिती दिसते, दुसऱ्याला झाला की त्याचा स्वभाव नाहीतर हेतू. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडक्यांमुळे पोचली. तिच्यात घटनेपेक्षा घटनेवरच्या आपल्या 'च'पासून, म्हणजे 'असंच व्हायला पाहिजे' या हट्टापासून, जास्त सावध राहायला सांगतात. उत्तर यावं, ही इच्छा झाली. उत्तर लगेच आलंच पाहिजे, नाहीतर मी त्याच्या खिजगणतीत नाही, हा हट्ट झाला. झोप इच्छेने उडत नाही, हट्टाने उडते.

पुढच्या वेळी मुलगा आला. अंगात इस्त्रीचा नवा शर्ट, पण हातातल्या फोनच्या कव्हरवर काळपट डाग. मी डागाकडे पाहिलं तसा तो ओशाळला. "चीक आहे मॅडम, निघत नाही." केळीचा चीक कपड्याला लागला की कपडा गेला. कापणी चालू असली आणि माणसं कमी पडली की हा स्वतः खांद्यावर घड घेतो. हात चिकट, मग करंगळीने फोन उघडून वाचतो. वाचायला करंगळी पुरते, लिहायला नाही.

आणि पावणेतीन? त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची होती. ड्रिपचे व्हॉल्व्ह बदलायला रात्री उठून शेतात जायचं, एक भाग भिजेपर्यंत बांधावर बसायचं. झोप लागू नये म्हणून रील बघायची. तिला त्या वेळी मेसेज का नाही केला, म्हणाल तर "झोपली असेल, उठवायचं कशाला." ती इकडे गजर लावून जागी!

राहिलं ते 'टायपिंग'. ते सांगायला त्याला वेळ लागला. तो दहावीपर्यंत शिकलेला, घरी बोलणं सगळं लेवा बोलीतलं. तिचे मेसेज शुद्ध, काना-मात्रा जागच्या जागी. हा लिहायचा, वाचून पाहायचा, आपलं लिहिणं तिला गावंढळ वाटेल म्हणून पुसायचा. परत लिहायचा. शेवटी थकून "हो". ती ऐकताना रडली, मग हसली, मग त्याच्यावर चिडली. तिन्ही खरं होतं.

एक गोष्ट मी दोघांनाही सांगितली. आपल्या आजोबांच्या काळी पोस्टकार्डाला चार दिवस लागायचे आणि कोणी रागवायचं नाही. तातडीचं असेल तर तार. दोन्हींची दारंच वेगळी होती. भारतातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली आणि नोव्हेंबर 2014 मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या. आता "जेवले का" आणि "बाबांना ॲडमिट केलंय" एकाच खिडकीतून येतात, एकाच आवाजात. उत्तर किती वेळात द्यायचं हे कुठेच ठरलेलं नाही. प्रत्येकाच्या मनात आपापला आकडा, आणि तो समोरच्याला न सांगता त्यावरून त्याला दोषी धरायचं.

म्हणून त्यांनी आकडा बोलून ठरवला. कापणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत अपेक्षा नाही. तातडीचं असेल तर सरळ फोन, दोनदा. लिहायच्या जागी व्हॉइस, आणि तोही त्याच्या बोलीत. लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात तो आधी सांगणार. गजर लावायचं तिने कधी बंद केलं, ते मी विचारलं नाही. आईने फोनवर सांगितलं, पोरगी जेवू राह्यली.

सगळ्याच गप्प बसण्यामागे चीक नसतो, हेही सांगायला हवं. भांडण झालं की चार-चार दिवस मुद्दाम अबोला धरायचा, किंवा दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर "कुठे आहेस, फोटो पाठव" असं फर्मान काढायचं, हे प्रकार निराळे. तिथे मी आकडा ठरवत बसत नाही. तिथे आधी विचारते, या माणसाची तुला भीती वाटते का.

लग्न झालं. एक प्रश्न मात्र सुटलेला नाही, तो सासरच्या ग्रुपचा. मामेसासरे रोज पहाटे तिथे सुविचार टाकतात आणि ग्रुपवर मेसेजवर दाबून धरलं की कोणी कोणी वाचलं ते दिसतं, हे त्यांना कोणीतरी शिकवून ठेवलंय. नव्या सुनेने वाचून हात जोडले नाहीत, तर दुपारपर्यंत सासूच्या कानावर येतं. यावर त्यांनी तोडगा काढलाय. नवराच लिहितो, "रामराम मामा, आमच्या दोघांकडून." एवढं लिहायला त्याला अजून पाच मिनिटं लागतात, असं ती सांगते.