मुलगी घरातली निरोप्या झाली, तर?

पत्र : आमचं एकत्र कुटुंब आहे. गेले काही महिने मी आणि हे एकमेकांशी बोलत नाही. जे काही सांगायचं ते नववीतल्या मुलीमार्फत. तीच धाकट्याला ओरडते, तोही तिचंच ऐकतो. मी त्याला मोबाइल नाकारला की सासूबाई देतात. दिवाळीनंतर मुलीचं शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं. तपासण्यांत काही निघालं नाही. ती रडायला लागली की मात्र आम्ही दोघं तिच्याजवळ बसतो. तिला समुपदेशकाकडे नेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : न्या, पण तिला एकटीला नको.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाताजाता लिहिलं आहे. ती रडली की तुम्ही दोघं एकत्र येता. तिचं दुखणं खोटं नाही, तिला खरंच दुखतं. पण त्या दुखण्याने तुमचा अबोला तेवढ्यापुरता मोडतो, म्हणून ते टिकून राहिलेलं असू शकतं. नवराबायकोचं भांडण मुलाच्या दुखण्यावरून वळसा घालून जातं, ते असं.

अशा घरांकडे पाहण्याची एक रीत साल्व्हादोर मिनुचिन या अर्जेंटिनात जन्मलेल्या मनोविकारतज्ज्ञाने घालून दिली. 1960च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वाट चुकलेल्या मुलांसोबत काम करताना त्याने आणि सहकाऱ्यांनी मुलाबरोबर अख्खं घर समोर बसवायला सुरुवात केली. प्रश्न ‘या मुलाचं काय बिघडलंय’ हा उरला नाही. या घरात कोण कोणाच्या बाजूला आहे, निर्णय कोणाचा, मधल्या रेषा कुठे पुसल्यात, हे पाहिलं जाऊ लागलं. (घरामुळेच मूल आजारी पडतं, असा अर्थ मात्र काढू नका. खाण्याच्या विकारांबद्दल त्याने मांडलेलं तसं चित्र पुढच्या संशोधनात टिकलं नाही.)

त्याची नकाशाची पद्धत घरी करून बघा. कागदावर वरच्या ओळीत मोठी माणसं, खाली मुलं. दोन ओळींमध्ये सीमारेषा : स्पष्ट असेल तर तुटक, पुसट असेल तर टिंबांची, ताठर असेल तर सलग. दोघांत भांडण असेल तर जोडरेषा मध्येच दोन उभ्या काट्यांनी तोडायची. अति गुंतलेल्या दोघांत तीन समांतर रेषा. कोणाविरुद्ध दोघांची युती असेल तर महिरपी कंस.

तुमच्या नकाशात नवराबायकोमध्ये काटे, सासूबाई आणि नातू तुमच्याविरुद्ध एका कंसात, आणि मुलगी वरच्या ओळीत. ती जागा तिची नाही. मोठ्या मुलीने भावाला सांभाळणं गैर नव्हे. काम ठरवून, मर्यादेत दिलेलं असलं तर मूल त्यातून शिकतं. तिच्यावर ते न सांगता, बेमुदत येऊन पडलंय. एकत्र कुटुंबातही मूलतः खोट नाही. आजी मुलं वाढवत असेल तरी चालतं, फक्त कशात कोणाचा शब्द शेवटचा हे सगळ्यांना माहीत हवं.

सुरुवात निरोपांपासून करा. दोघांनी मिळून तिला एवढंच सांगायचं, ‘आमचे निरोप आता तू नेणार नाहीस.’ मग मुलं झोपल्यावर रोज पंधरा मिनिटं, गच्चीवर किंवा जिन्यात का होईना, फक्त मुलांविषयी बोला : फी, अभ्यास, मोबाइलची वेळ. जुनी भांडणं या पंधरा मिनिटांत आणायची नाहीत. हे बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी फसतं, कारण मुलांवरून बोलता बोलता ‘तुझ्या आईमुळेच’ निघतं. तसं झालं की तिथेच थांबा, उद्या परत बसा.

सासूबाईंशी तुम्ही बोलू नका, त्यांच्या मुलाने बोलायचं. नुसतं ‘मध्ये पडू नकोस’ म्हटलं तर त्या दुखावतील आणि मोबाइल लपूनछपून दिला जाईल. संध्याकाळचं खाणं, रात्रीची गोष्ट हे सर्वस्वी त्यांचं. मोबाइल आणि शाळा आईबाबांचं. मुलीकडे धाकट्याचं काम ठेवायचंच तर आठवड्यातून दोनदा अर्धा तास गृहपाठ. त्याला रागावणं तिच्याकडे नको.

डॉक्टरांची हरकत नसेल तर पोट दुखलं तरी उशिरा का होईना, शाळेत पाठवा. त्या वेळी तिच्यापाशी एकानेच थांबायचं, आळीपाळीने. पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं. तुमच्या दोघांमधला दुवा म्हणून मिळालेलं महत्त्व गेल्याने ती चिडेलही. त्यातून सुटलेला वेळ मैत्रिणींकडे जाऊ द्या.

समुपदेशक निवडताना फोनवरच विचारा, ‘घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवता का?’ पहिल्या भेटीला सासूबाईही हव्यात. या पद्धतीत समुपदेशक भांडण नुसतं ऐकत नाही, समोर घडू देतो. मुलगी तुमच्या दोघांमध्ये बसली असेल तर तिची खुर्ची हलवायला सांगेल आणि तुम्हाला एकमेकांकडे वळून बोलायला लावेल. मध्येच मुद्दाम एकाची बाजूही घेईल. साचलेला तोल हलवण्यासाठी तो तसं करतो, पण बरीच कुटुंबं नेमकी इथे दुखावून येणं बंद करतात. राग आला तर तिथेच बोलून दाखवा. मिस्टर आलेच नाहीत, तर जे येतील त्यांना घेऊन सुरुवात करा.

घरात मारहाण किंवा धाक असेल, तर एकत्र बैठक आधी नको. समुपदेशकाला हे एकट्याने भेटून सांगा. मुलगी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलली तर भेटीची वाट न पाहता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा आणि तिला एकटी सोडू नका.