पिकअपच्या गिअरबॉक्सला कूलर लावू का?

भाऊ, तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. तुमची २०१३ ची मॅन्युअल पिकअप रावेरहून केळी भरून घाट चढली की गिअरबॉक्स चटका देतो, म्हणून अमेरिकेतल्या व्हिडिओत दाखवतात तसा ट्रान्समिशन कूलर बसवायचा का, हा एक. आणि मेहुण्यांनी जुनी ऑटोमॅटिक डबल कॅबिन घेतलीय, तिचं काय बघायचं, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तुमच्या गाडीला तो कूलर लागतही नाही आणि लावताही येत नाही. आपल्याकडच्या मालवाहू पिकअपच्या साध्या पाच गिअरच्या डब्यात ऑइलचा पंपच नसतो. खालचे दाते ऑइलात बुडतात आणि फिरताना ते वर उडवतात, एवढंच. पंप नाही तर ऑइल कूलरपर्यंत नेणार कोण? ऑइल दात्यांची उष्णता डब्याच्या भिंतीला देतं आणि खालून जाणारी हवा ती घेऊन जाते. म्हणजे तुमचा कूलर आहे ते ऑइल आणि डबाच, आणि बाहेरून डब्याला चिकटलेला चिखल-ग्रीसचा थर म्हणजे त्या कूलरवर टाकलेली गोधडी. तो खरवडून काढा, फुकटात फरक पडतो.

आणि हात लावून तपासू नका. लोड ओढून आलेला चांगला गिअरबॉक्सही हाताला सोसत नाही. वास घ्या, आवाज ऐका, ऑइल बघा.

माझीच चूक सांगतो. भडगावहून केळी भरून कन्नडचा घाट चढत होतो, मे महिना, रात्रीचे अकरा तरी असतील, वर कोंडी. तास-दीड तास हाफ क्लचवर गाडी पुढे ढकलत होतो. घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा पाचव्या गिअरला जात्यासारखी घरघर आणि कॅबिनमध्ये जळक्या गंधकाचा वास. सकाळी गिअरबॉक्सच्या ऑइलचा प्लग खोलला तर निम्मंसुद्धा ऑइल नव्हतं. डब्याच्या वरचा ब्रीदर, म्हणजे हवा सोडायची ती बोटाएवढी टोपी, मातीने बंद झाली होती. ऑइल तापलं, आत दाब वाढला, आणि वाट मिळाली ती मागच्या सीलमधून. हे किती दिवस चाललं होतं देव जाणे. गाडी उभी असायची तिथे जमिनीवर डाग पडायचा आणि मी तो इंजिनचा समजायचो. बेअरिंग गेलं, सोबत एक गिअरही. केळीचं भाडं गेलं ते वेगळंच.

म्हणून ब्रीदर आधी. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली असेल तर ऑइलही बघा, पाणी शिरलं की ते ताकासारखं पांढरट होतं. लेव्हल सपाट जागेवर, भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. ‘थोडं जास्त असू द्या’ म्हणून कोणी वर भरत असेल तर थांबवा, जास्तीचं ऑइल घुसळून फेस होतो आणि डबा उलट जास्त तापतो. ऑइलचा ग्रेड पुस्तिकेत असेल तोच. जीएल-४ लिहिलं असताना महागडं म्हणून जीएल-५ ओतू नका, काही जीएल-५ मधली रसायनं गिअर अलगद जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. ऑइल काढताना प्लगच्या चुंबकावरचा लगदा दोन बोटांत चोळा. काजळासारखा मऊ लागला तर काळजी नको. टोचणारे कण किंवा चमकणारे पापुद्रे सापडले तर नवीन ऑइलवर पैसे घालण्याआधी डबा उघडून घ्या.

आता मेहुण्यांची गाडी. तिथे गोष्ट पूर्ण वेगळी, आणि माझ्या मते खरी जोखीम तिथेच आहे. ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनची ताकद ऑइलच्या घुसळणीतून पुढे जाते, आणि घाटात हळू चालताना ही घुसळण भरपूर उष्णता करते. म्हणून पंप ते ऑइल पाइपातून कूलरकडे पाठवतो. बहुतेक गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो, काहींना पुढे हवेवर चालणारा वेगळाही असतो. म्हणजे रेडिएटर बिघडला की गिअरबॉक्सही त्याच्यासोबत जातो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षार कसे बसतात ते तुमच्या घरच्या हंड्याचा तळ बघा, कळेल. कूलंट आणि बॅटरीत घालतो ते पाणी, निम्मं निम्मं. दुसरं काही नाही. कोणी ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील’ म्हणालं तर नमस्कार करून निघा. तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं आणि थंडीत इंजिन धड गरमही होत नाही.

आपल्या भागाचा खास त्रास कापसाचा. हंगामात जिनिंगच्या रस्त्याने रोज ये-जा असेल तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत रुई-धुळीची वाकळ तयार होते. पुढून बघितलं तर जाळी चकाचक दिसते. वरचे क्लॅम्प सोडून रेडिएटर मागे कलवला की कळतं. साध्या पाइपाने इंजिनच्या बाजूकडून बाहेर पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा नको, पापुद्र्यांसारख्या पट्ट्या आडव्या होतात आणि हवाच बंद होते.

कूलरकडे जाणाऱ्या पाइपात जिथे रबराचा तुकडा आहे तिथे नखाने दाबा. भेगा दिसल्या किंवा ओल लागली तर बदला, तेही ऑइलला चालणाऱ्याच पाइपाने, पाण्याच्या नव्हे. गिअरबॉक्सचं ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या नंबरचंच, ‘सगळी लाल ऑइलं सारखीच’ हे खोटं आहे. ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ यावर लोड ओढणाऱ्या गाडीत मी विश्वास ठेवत नाही, ६० हजार किलोमीटरला बदलतो. बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते, ठरलेल्या तापमानाला खालचा प्लग उघडून लेव्हल बघावी लागते. हे काम येणाऱ्यालाच द्या. आधी कधी गिअरबॉक्स उघडला गेला असेल तर कूलर धुतला होता का तेही विचारा, जुना चुरा तिथेच लपून बसतो.

घाटात कोंडी लागली तर गाडी डी मध्ये ब्रेकवर तंगवून ठेवू नका. न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू राहू द्या, म्हणजे पंप ऑइल फिरवत राहतो. इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला तर मात्र बाजूला घेऊन बंदच करा. चढताना लिव्हर मॅन्युअलवर घेऊन खालचा गिअर धरा. वेगळा कूलर लावायचाच असेल तर या गाडीला लावा, रेडिएटर नीट केल्यावर.

आणि गाडी पुढे नेण्याआधी मेहुण्यांना एक करायला सांगा. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरची टोपी उघडा. आत तेलाचा तवंग आहे का, आणि गिअर ऑइल गुलाबी लस्सीसारखं झालंय का, दोन्ही बघा. झालं असेल तर आतला कूलर फुटलाय, कूलंट ऑटोमॅटिक डब्यातल्या, गिअर बदलणाऱ्या आतल्या क्लचचं अस्तर सोडवतं, गाडी तिथेच उभी ठेवून टोचन करून न्या. तुम्ही दोघांनी दोन्ही गाड्यांचे फोटो टाका, मग पुढचं सांगतो.